आईची संध्याकाळची साखर

तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मी सव्वीस वर्षं लॅबमध्ये आहे. सॅम्पल तपासायचं आणि बॅच पास की नापास ते लिहायचं, एवढंच माझं काम. बॅच नापास झाली की प्रॉडक्शनवाले जिना चढून वर येतात, शपथा घेतात, घरच्या अडचणी सांगतात. मी सगळं नीट ऐकून घेतो, चहा पाजतो आणि नापास लिहितो. या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या, आकड्यांवर विश्वास आणि माणसांवर अविश्वास. तिसरी गोष्ट कॅन्टीनने दिली, ती पोटावर आहे.

माझं वजन एकशे सहा किलो. शुगर नऊ वर्षांपासून. आमच्या डॉक्टरांनी एकदा वेळ काढून मला सगळं समजावून सांगितलं होतं. जेवलं की रक्तात साखर येते, ती पेशींच्या आत पोचवायचं काम इन्सुलिनचं. जाड माणसाच्या अंगात इन्सुलिन कमी नसतं, सुरुवातीला उलट जास्तच असतं. पण पोटात आणि यकृतात चरबी साठली की पेशी त्याला दाद देत नाहीत. मी म्हटलं, म्हणजे कुरियरवाला बेल वाजवतोय आणि घरातले टीव्ही बघत बसलेत. "तसंच," डॉक्टर म्हणाले, "पार्सलं मग जिन्यात पडून राहतात. स्वादुपिंड बिचारं आणखी कुरियरवाले पाठवतं, आणि एक दिवस तेही थकतं. तुम्ही दहा किलो उतरवा, घरातले दार उघडायला लागतील." मी हो म्हटलं. ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची. तेव्हा मी अठ्ठ्याण्णव किलो होतो.

आईची शुगर माझ्याहून जुनी. तिचा जन्म गव्हाणच्या बाजूच्या एका गावात गेला. तरुणपणी मिठागरात राबली, मग लग्नानंतर भातशेतीत. त्या काळात ती एका बैठकीला तांदळाच्या चार भाकऱ्या खायची आणि तिचं वजन कधी पन्नासच्या वर गेलं नाही. मग सरकारी प्रकल्पात जमिनी गेल्या, पैसे आले, राबणं थांबलं आणि भाकऱ्या तेवढ्याच राहिल्या. गावात आता घरटी एक गाडी आहे आणि घरटी एक शुगर. वडील गेल्यावर आई आमच्याकडे पनवेलला राहायला आली, तेव्हा ती ब्याऐंशी किलोची होती आणि दोन वेळा इन्सुलिन घेत होती. इंजेक्शन मी द्यायचो. ती पोटाची वळी स्वतः चिमटीत धरून द्यायची आणि मला म्हणायची, "टोच. तुला टोचायला लय जागा हाय."

तिचं खरं दुःख शुगर नव्हतं, डोळे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणसं ती आवाजावरून ओळखायची. सुकट निवडायला घेतली की तिच्यात काडीकचरा राहायचा. एकदा तव्यावर हात ठेवला, तेव्हापासून माझ्या बायकोने तिला गॅसपाशी जाऊ देणं बंद केलं. आईला ते फार लागलं. माझी बायको घाटावरची आहे, तिची तांदळाची भाकरी कडेला फाटते. आई ती मुकाट्याने खायची, पण दर दोन दिवसांनी मला बाजूला घेऊन विचारायची, "डोल्याचा कवा करतंस? मना माजी भाकरी मी करून खायची हाय."

डोळ्याच्या डॉक्टरांनी तारीख द्यायला नकार दिला होता. आधी शुगर आटोक्यात आणा, म्हणाले. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ घरी तपासा, चार्ट घेऊन या, चार्ट चांगला दिसला की लगेच ऑपरेशन. म्हणजे आईचे डोळे आता एका चार्टवर अवलंबून होते आणि चार्ट करायचं काम माझ्याकडे होतं. मला वाटलं, आईचं नशीब चांगलं आहे. घरातच लॅबवाला आहे.

मी कंपनीच्या धर्तीवर एक रजिस्टर केलं. तारीख, वेळ, आकडा, शेरा, सही. डावीकडे आईचा रकाना, उजवीकडे माझा. बोट टोचायची सुई दर वेळी नवी. बोट आधी स्पिरिटच्या कापसाने पुसून घ्यायचं, दोनदा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एक कागद छापून दिला होता, शुगर कशी तपासायची आणि किती आली तर किती जादा इन्सुलिन द्यायचं, असा. त्याची पहिली ओळ होती, हात साबणाने आणि पाण्याने धुवून कोरडे करा. मी दुसऱ्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ अडाणी लोकांसाठी असते.

मे महिना होता. पनवेलला मे महिन्यात एक दिवसाआड पाणी येतं आणि आमच्या सोसायटीच्या पाणी कमिटीत मी आहे. नळ चालू ठेवून भांडी घासू नका, अशी पाटी मी स्वतः लिफ्टमध्ये लावली होती. आईने ती वाचली नाही, पण मी घरात तीच पाटी तोंडाने रोज वाचायचो. गावची बाई, पाण्याची किंमत तिला मी शिकवायला नको होती. ती ओट्यावर एक ओला पंचा ठेवायची आणि दिवसभर हात त्यालाच पुसायची.

मे महिन्यात आमच्याकडे आंबेही येतात. मला आमरस लागतो, आणि तो मिक्सरमधला चालत नाही. मिक्सरमध्ये रसाचं पाणी होतं. मला हाताने पिळलेला लागतो, मधे मधे गुठळ्या, तोंडात रेषा येणारा. लहानपणापासून तो आईच पिळून देते. आंबा पिळायला डोळे लागत नाहीत. स्वयंपाकघरातलं एवढंच एक काम तिच्याकडे उरलं होतं आणि ते ती मन लावून करायची. मी सहाला घरी यायचो तेव्हा रस तयार असायचा. मी दोन वाट्या रस खायचो, हातपाय पसरायचो आणि मग मशीन काढून आईला हाक मारायचो. माझी स्वतःची शुगर मी त्या वेळी मोजत नसे. जेवणानंतर लगेच मोजलं तर आकडा दिशाभूल करतो.

पहिल्या आठवड्यातच चार्टने दगा दिला. आईची सकाळची साखर एकशे वीस, एकशे पस्तीस, अगदी शहाण्या मुलीसारखी. संध्याकाळी दोनशे नव्वद, तीनशे दहा. मधेच एखाद्या संध्याकाळी एकशे पन्नास. मग परत तीनशे चाळीस. मी रविवारी बसून ग्राफ काढला. ज्या दिवशी घरात आंबे होते त्या संध्याकाळी आकडा वर होता, ज्या दिवशी पेटी संपलेली होती त्या संध्याकाळी खाली. निष्कर्ष काढायला लॅबमधला माणूसही लागत नव्हता.

"आई, तू आंबा खातेस," मी म्हटलं.

"नाय खात."

"थोडासा? साल चाटतेस? कोय चोखतेस?"

"नाय रं बाला. मना डोलं पायजेत. मी कनाला खाईन?"

नापास बॅचचा माणूस बोलतो तसं ती बोलत होती. मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी रसासाठी मोजून आंबे काढून ठेवले आणि संध्याकाळी आल्यावर पेटीतले उरलेले आंबे आणि कचऱ्याच्या डब्यातल्या कोयी मोजल्या. हिशेब बरोबर जुळला. मग मी ठरवलं की ती आंबा खात नसेल, पातेल्यातला रस खात असेल. बायको म्हणाली, "अहो, मी दिवसभर घरात असते. त्या पिळतात, पातेलं झाकतात आणि बाहेर येऊन बसतात. बोटसुद्धा चाटत नाहीत." मी म्हटलं, तुझं लक्ष नसेल. ती म्हणाली, "मग पिळायला सांगू नका ना त्यांना." यावर मी विषय बदलला, कारण रस मला हवा होता.

फॅमिली डॉक्टरांनी मधे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी टेस्ट करायला लावली. ती उत्तम आली. डॉक्टरांनी माझा चार्ट आणि तो रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवला आणि म्हणाले, "हे जुळत नाही. एकदा मशीन तपासून बघा, तुमची पद्धतही बघा." मी जरा दुखावलोच. मी त्यांना सांगितलं की सरासरी मागची आहे, आंबे आत्ता आलेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बाहेर पुढचा पेशंट होता. मी मशीन मात्र तपासलं. त्याच्याबरोबर येणारं तपासणीचं द्रावण घालून पाहिलं, मशीन तंतोतंत बरोबर होतं. मी रजिस्टरमध्ये तशी नोंद केली. पद्धत तपासली नाही. सव्वीस वर्षं पद्धत मी दुसऱ्यांची तपासत आलो होतो.

पंधरा दिवस झाले. चार्ट घेऊन आम्ही डोळ्याच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी संध्याकाळच्या रकान्यावरून पेन फिरवलं आणि पुढची तारीख न देता पुढचे पंधरा दिवस दिले. परत येताना आम्ही रिक्षा केली. घर आल्यावर उतरताना तिने माझा दंड धरला आणि म्हणाली, "तुजा मशीन खोटा बोलतं." मी म्हटलं, "मशीन खोटं बोलत नाही, आई." मग कोण खोटं बोलतं, ते मी म्हटलं नाही. न म्हणताही तिला ऐकू गेलं.

त्यानंतरच्या मंगळवारी संध्याकाळी मशीनने चारशे बारा दाखवलं.

मी दोन वाट्या रस खाऊन बसलो होतो. चारशे बारा बघून माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते मला आठवतं आणि ते मी इथे सगळं लिहिणार नाही. लहान मूलसुद्धा इतकं करत नाही, असं म्हटलं. तुझ्यासाठी मी मरमर मरतोय आणि तू चोरून खातेस, असं म्हटलं. चोरून हा शब्द माझ्या तोंडून गेला.

आई उभी होती, ती खाली बसली. "मी चोर हाय?" तिने विचारलं. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मिठागरावर चाळीस बाया व्हत्या. मुकादम सगल्यांच्या लुगड्याच्या वट्या तपासायचा, माजी नाय तपासायचा. आनि तू माज्या पोटचा मना चोर बोलतंस."

मी म्हटलं, आकडा बोलतोय. कागदात पाहून नेहमीच्या डोसमध्ये जादा इन्सुलिन मोजून घेतलं. तिने पोटाची वळी चिमटीत धरली नाही, ती मला स्वतः धरावी लागली. टोचून घेतल्यावर ती उठून तिच्या खोलीत गेली आणि जेवायला आली नाही. बायको दोनदा बोलवायला गेली. "मना भूक नाय," आतून आवाज आला. मी म्हटलं, राहू दे, साखर उतरेल तरी.

हे वाक्य मी शुद्धीवर असताना बोललो. इन्सुलिन टोचलेल्या माणसाने जेवायलाच हवं, हे मला माहीत होतं. नऊ वर्षं शुगरचा पेशंट, घरात दोन वेळा इन्सुलिन देणारा, मला हे माहीत नसेल कसं. पण त्या क्षणी मी मुलगा नव्हतो आणि पेशंटही नव्हतो. मी बॅच नापास केलेला माणूस होतो.

साडेआठला बायकोने हाक मारली. आई पलंगावर बसून होती, घामाने पाठीला चिकटलेलं पोलकं, हात थरथरत होते. माझ्याकडे बघून ती माझ्या वडिलांशी बोलायला लागली. बांध फुटला, पानी आत येतंय, बघायला जा, असं काहीतरी. आमच्या शेताचा तो बांध आता रस्त्याखाली आहे. बायकोने ओल्या टॉवेलने तिचं तोंड आणि हात खसाखसा पुसले. मी बोट टोचलं. एकेचाळीस.

चारशे बारावरून एकेचाळीस, दोन तासांत. असं होत नाही, हे मला तिथेच कळायला हवं होतं. मला एवढंच कळलं की आईच्या मेंदूला साखर मिळत नाहीये. मेंदूचं बाकी कशावर फार वेळ भागत नाही, त्याला साखर लागते आणि ती आत्ता लागते. मी पळत जाऊन साखरेचं पाणी करून आणलं आणि पेला तिच्या ओठाला लावला.

तिने तोंड मिटून घेतलं.

"आई, पी. साखर कमी झालीय."

"मना नको साकर." दात आवळून ती बोलत होती. "मी खात नाय. मी खाल्ला नाय."

"माहीत आहे, पण आत्ता पी."

तिने मान फिरवली. मी तिची हनुवटी धरली तेव्हा तिने माझा हात झटकला, पेल्यातलं अर्धं पाणी गादीवर सांडलं. तिला मी कोण हे कळत नव्हतं, घर कुठलं, वर्ष कुठलं, काहीच कळत नव्हतं. फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यात शिल्लक होती, की आपल्याला साखर खायची नाही, नाहीतर चोर ठरू. ती मी तिथे ठेवली होती. मी गयावया करत होतो आणि माझी आई, जिने मला कधी कशाला नाही म्हटलं नाही, माझ्या हातून साखर घ्यायला तयार नव्हती.

बायकोने पेला माझ्या हातातून काढून घेतला. ती आईच्या शेजारी बसली, तिचा खांदा धरला आणि तिच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आई, तुम्ही खाल्लं नव्हतं. मला माहीत आहे. मी बघत होते ना. आता मी देतेय म्हणून घ्या."

आईने तोंड उघडलं.

तिने घोट घोट करत सगळं पाणी घेतलं. मग बायकोने आणखी एक पेला दिला. वीस मिनिटांत ती आम्हाला ओळखू लागली, तरी आम्ही तिला रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. तिथे त्यांनी सलाइन लावलं आणि रात्रभर ठेवून घ्यायचं ठरवलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. मला वेळेवर हा शब्द आवडला नाही.

तिथली नर्स पंचविशीची असेल. बोट टोचायच्या आधी तिने आईचा हात हातात घेतला, मग दुसरा घेतला आणि नखांकडे बघून हसली. "आजी, आंबे पिळलेत वाटतं? नखं पिवळी झालीत." मग पाण्यात भिजवलेल्या कापसाने एकेक बोट पुसत मला म्हणाली, "घरी टेस्ट करताना हात धुवायला लावता ना? आंब्याच्या हाताने टेस्ट केली तर शुगर तीनशे-चारशे दाखवेल."

"स्पिरिटने पुसतो," मी म्हटलं. "दोनदा."

"स्पिरिटने साखर कुठे जाते," ती म्हणाली आणि सलाइनचा वेग बघायला लागली.

साखर पाण्यात विरघळते. स्पिरिटमध्ये जवळजवळ विरघळतच नाही. हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. कंपनीत एक पोरगा न धुतलेल्या बाटलीत सॅम्पल घेऊन आला होता, तेव्हा मी त्याला सगळ्यांसमोर झाडलं होतं. तू बाटलीला लागलेलं तपासायला आणलंयस की रिअॅक्टरमधलं, असं विचारलं होतं. आणि बॅच नापास करण्याआधी सॅम्पल पुन्हा घ्यायचं, हा आमचा नियम आहे, भिंतीवर माझ्याच सहीने लावलेला. इतक्या दिवसांत मी आईचं सॅम्पल एकदाही पुन्हा घेतलं नव्हतं. परक्या कंपनीच्या पावडरला जेवढी संधी देतो, तेवढीही मी तिला दिली नव्हती.

मी तिथल्या बाकावर बसून राहिलो. मला लाज वाटत होती. लाज हा शब्द आपण उगीच वापरतो, म्हणून सांगतो, मला उठून पाण्याच्या कूलरपर्यंत जाता येत नव्हतं इतकी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी आई घरी आली. मी रजा घेतली होती. ती झोपलेली असताना मी स्वयंपाकघरात गेलो, हात साबणाने धुतले, कोरडे केले आणि माझी शुगर मोजली. एकशे चौऱ्याण्णव. मग एक आंबा पिळला, आईच्या ओल्या पंच्याला हात पुसले, बोटावर स्पिरिटचा कापूस दोनदा फिरवला आणि त्याच हाताचं दुसरं बोट टोचलं. तीनशे सत्त्याऐंशी. आंबा मी खाल्ला नव्हता. पिळलेला रस ओट्यावर तसाच पडून होता आणि मला तो बघवत नव्हता. इतके दिवस मी आईच्या रक्तात जी साखर शोधत होतो, ती माझ्या वाटीतून तिच्या बोटांवर आली होती.

चुकलेली नोंद आमच्याकडे खोडत नाहीत. आकडा वाचता येईल अशी एक सरळ रेघ मारायची, बाजूला कारण लिहायचं, खाली सही करायची. मी संध्याकाळच्या सगळ्या आकड्यांवर रेघ मारली. शेऱ्यात लिहिलं, सॅम्पल दूषित, चूक सॅम्पल घेणाऱ्याची. सही केली. आई जागी झाल्यावर तिच्यासमोर बसून सगळं वाचून दाखवलं, तारखांसकट. तिला ते रजिस्टर एक पांढरा ठिपका म्हणून दिसत असणार. वाचून झाल्यावर मी म्हटलं, "तू खरं बोलत होतीस. मी तुला नको ते बोललो. माझं चुकलं, आई."

ती बराच वेळ गादीची शिवण चाचपत राहिली. मग म्हणाली, "मंग डोल्याचा कवा?"

बस, एवढंच. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला रागावेल. तिने मला रागवायला हवं होतं.

पुढचे पंधरा दिवस मी हाक मारायच्या आधी ती स्वतः बेसिनपाशी जायची. साबण लावायची, धुवायची, परत साबण लावायची. मग दोन्ही ओले हात माझ्या नाकासमोर धरायची आणि म्हणायची, "वास घे." पहिल्या दिवशी मी म्हटलं, अगं नको. तिने हात खाली घेतले नाहीत. मी वास घेतला. साबणाचा होता. असे पंधरा दिवस, रोज दोन वेळा, मी माझ्या आईच्या हातांचा वास घेतला. मला शिक्षा करायचा तिचा विचार नव्हता, हे मला नक्की माहीत आहे. तिला फक्त डोळे हवे होते आणि मुलाचा भरवसा राहिला नव्हता.

चार्ट पास झाला. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, महिन्याने उजव्याचं. पावसाळा लागला होता, नळाला रोज पाणी होतं, आंबे संपले होते. दुसऱ्या डोळ्याचे ड्रॉप बंद झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे तांदळाचं पीठ उकडून घेऊन सात भाकऱ्या थापल्या. एकीलाही चीर नव्हती. माझ्या बायकोने एक कडेकडेने फिरवून पाहिली आणि आपल्या ताटात घेतली. आईने स्वतः एकच खाल्ली, चार्ट करताना एकच खायची सवय झाली म्हणाली.

एका संध्याकाळी मी कामावरून आलो, सोफ्यावर बसलो आणि बूट काढायला वाकलो. मला वाकायला वेळ लागतो. आई समोर बसून बघत होती. दोन वर्षांनी ती मला नीट बघत होती.

"कवरा सुटलायस रं तू," ती म्हणाली. "मना दिसत नव्हता, तवर कोनी बोललाबी नाय." मग तिने विचारलं, "तुजी साकर कोन मोजतं?"

मी म्हटलं, मीच मोजतो. तिने रजिस्टर आणायला लावलं. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिने पानं उलटली. डावीकडचा तिचा रकाना भरलेला होता, उजवीकडचा माझा पांढरा. एकशे चौऱ्याण्णव आणि तीनशे सत्त्याऐंशी, एवढे दोनच आकडे. तिने रजिस्टर मिटलं, टीपॉयवरून मशीन ओढून घेतलं आणि म्हणाली, "हात धू. आदी साबन."

मी धुऊन आलो. तिने माझा हात हातात घेतला, नाकाशी नेला, वास घेतला. मग सुई लावली. तिला पद्धत पाठ झाली होती, डोळे नसताना ऐकून ऐकून. मशीनकडे बघत तिने एकेक आकडा वाचला. "दोन. आट. सात." तिने मान वर केली. "काय खाल्लास?"

त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कोणाचा तरी वाढदिवस होता.

"काही नाही," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. नव्या डोळ्यांनी, सरळ. मी तयारीत होतो. ती म्हणाली, "नाय खाल्लास तं नाय खाल्लास. साबन नीट लागला नसंल. जा, परत धुवून ये. परत बगू."

मी बेसिनपाशी गेलो, नळ सोडला, साबण घेतला. साखर बोटावर नाही हे मला माहीत होतं. तरी मी धूत राहिलो, एकेक बोट, नखांच्या आत, मनगटापर्यंत. मला रडू आलं होतं आणि मागे वळायचं नव्हतं.

"पानी जातंय," आई बाहेरून म्हणाली.

मी नळ बंद केला आणि तिथूनच म्हटलं, "केक खाल्ला, आई. दोन तुकडे."